पहिल्या मालकाची गाडी



विडी कामगारांच्या संघटनेचा माणूस इतिहासावर बोलणार, असे ऐकल्यावर आपल्यापैकी अनेकांनी किमान वेतन, छाट आणि सट्टेदार ह्यांची गोष्ट अपेक्षिली असेल. ती गोष्टही येईल, पण शेवटी आणि आडवाटेने. आरंभ मी करणार आहे तो एका मोटारगाडीच्या विक्रीपासून. मी शाळा नववीत सोडली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या बाकावर, तारखेचा पुकारा होईपर्यंतच्या वेळात झाले. त्यामुळे इतिहासकाराची शिस्त माझ्याजवळ नाही. एक सवय मात्र आहे. कोणतीही वस्तू विकली गेली, की तिच्या किमतीत कोणाकोणाचा वाटा आहे, हे मी विचारतो.

मे २०२३ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी एक जुनी काळी मोटारगाडी लिलावात निघाली. डॉज कंपनीची चॅलेंजर, १९७० सालचे मॉडेल. बोली ९ लाख ७५ हजार डॉलरांवर थांबली. दलाली धरून खरेदीदाराला ती १० लाख ७२ हजार ५०० डॉलरांना पडली. बोलीचे त्या वेळचे आपले रुपये केले तर आठ कोटींच्या आसपास होतात. गाडी नवी कोरी करून विकावयास आणलेली नव्हती. छपराचे आच्छादन, रंग, आतली बैठक ही जशी कारखान्यातून आली तशीच, वयाने विटलेली होती. तिची थोरवी दोन गोष्टींत होती. तशा गाड्या मुळातच थोड्या निघाल्या, आणि ही गाडी पहिल्या मालकाच्या घराबाहेर कधी गेली नव्हती. ज्याने मागवली त्याने ती मरेपर्यंत ठेवली, आणि त्याच्यानंतर मुलाने विकली.

ही गाडी कोणत्या जातीची, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकन लोक तिला मसल कार म्हणतात, म्हणजे पिळदार दंडांची गाडी. बाहेरून मध्यम आकाराची, तरुण माणसाला हप्त्यांनी घेता येईल अशी, आणि आत मात्र मोठ्या गाडीचे, प्रसंगी शर्यतीच्या गाडीचे इंजिन. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने जी. टी. ओ. नावाची गाडी काढली, तेथून ह्या प्रकाराला भरती आली असे सामान्यतः मानतात. क्रायस्लर कंपनीच्या ज्या इंजिनाला हेमी म्हणत, ते सात लिटरचे आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ४२५ अश्वशक्तीचे. त्याच काळात आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या फियाटचे इंजिन ११०० घनसेंटिमीटरच्या आतले होते, म्हणजे हेमीचा सहावा हिस्सासुद्धा नव्हे. ही भरती सात-आठ वर्षेच टिकली. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्यांच्या बरोबरीस येऊ लागले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. हेमी इंजिन १९७१ नंतर बंद झाले. पहिल्या पिढीची चॅलेंजर १९७४ साली संपली. ज्या गाड्या तेव्हा कोणी फुकट घेईना, त्यांचीच आज लाखांनी बोली होते. २०१४ साली सिॲटलला १९७१ ची एक उघड्या छपराची हेमी-कुडा ३५ लाख डॉलरांस गेली. तशा गाड्या त्या साली अवघ्या ११ झाल्या होत्या.

आता त्या काळ्या चॅलेंजरच्या मालकाकडे येऊ. त्याचे नाव गॉडफ्री क्वॉल्स. डेट्रॉइट शहराचा रहिवासी, निग्रो वंशाचा (त्या काळी हाच शब्द वापरीत, आज तेथील लोक स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवितात, आणि तेच योग्य), सैन्यात छत्रीधारी शिपाई होता आणि पुढे डेट्रॉइटच्या पोलिसांत मोटारसायकलवरचा शिपाई झाला. काळ लक्षात घ्या. १९६७ च्या जुलैत त्या शहरात वर्णद्वेषातून मोठा उठाव झाला होता, ४३ माणसे मेली होती. पोलीस दल बहुतांशी गोऱ्यांचे होते. अशा शहरात ह्या शिपायाने १९६९ च्या अखेरीस स्वतःच्या पगारातून एक काळी चॅलेंजर मागविली. हेमी इंजिन, चार गियर, वर मगरीच्या कातड्यासारखे दिसणारे छप्पर. हेमी बसविलेल्या चॅलेंजर त्या साली साडेतीनशेच्या आसपासच निघाल्या.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर त्या काळी रात्री पोरे शर्यती लावीत. मोटार कंपन्यांचे इंजिनियरसुद्धा आपल्या गाड्या घेऊन तेथे उतरत, असे म्हणतात. एखाद्या रात्री ही काळी गाडी अचानक यावयाची, जिंकावयाची, आणि कोणी नाव विचारण्याच्या आत निघून जावयाची. मग कित्येक दिवस दिसावयाची नाही. पोरांनी तिला काळे भूत म्हणावयास आरंभ केला. चालक नाव का सांगत नव्हता, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. दिवसा ह्याच शर्यती बंद करण्याची नोकरी तो करीत होता. १९७५ च्या सुमारास भूत दिसेनासे झाले. गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी राहिली आणि दशकानुदशके उभीच राहिली. २०१५ च्या डिसेंबरात क्वॉल्स वारले. त्यापूर्वी त्यांनी गाडीचे जपून ठेवलेले मूळ कागद मुलाच्या हवाली केले. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचे नाव चढले, आणि तीन वर्षांनी ती विकली गेली.

वर्तमानपत्रांनी ही कथा येथपर्यंत सांगितली. मला कुतूहल वाटले ते ह्याच्या अलीकडच्या टोकाचे. ही गाडी केली कोणी?

ती झाली हॅमट्रॅमिक येथे. डेट्रॉइट शहराने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले हे एक लहानसे स्वतंत्र गाव. तेथे जॉन आणि होरेस डॉज ह्या भावांनी १९१० साली कारखाना उभारला. लोक त्याला डॉज मेन म्हणत. १९३७ च्या मार्चमध्ये ह्याच कारखान्यातील कामगारांनी यंत्रांपाशी ठाण मांडून बैठा संप केला आणि क्रायस्लर कंपनीला मोटार कामगारांची संघटना मान्य करावयास लावली. एवढी थोर परंपरा त्या भिंतींना होती. परंतु १९६८ पर्यंत काय झाले होते? कारखान्यात कृष्णवर्णी कामगारांची मोठी भरती झाली होती. त्यांच्या वाट्यास रंगखाना आणि बॉडीखान्यातील सर्वांत उष्ण, सर्वांत घाणेरडी कामे आणि मुकादम बहुतेक गोरे. जुळणीच्या पट्ट्याचा वेग वाढवीत नेला जात होता. १९६८ च्या २ मे रोजी ह्या वेगाविरुद्ध कामगार संघटनेची परवानगी न घेता बाहेर पडले. शिक्षा झाली ती मुख्यतः काळ्या कामगारांना. जनरल बेकर नावाचा कामगार कायमचा काढला गेला. (जनरल हे त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव, हुद्दा नव्हे.) त्यातून काळ्या कामगारांची एक नवी, कडवी संघटना उभी राहिली. डॉजची क्रांतिकारी कामगार चळवळ असे तिचे नाव. ती कंपनीविरुद्ध लढली आणि जुन्या संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्धही लढली. मी आयुष्यभर संघटनेचेच मीठ खाल्ले आहे, म्हणून हे सांगताना थोडा संकोच होतो. पण वस्तुस्थिती अशी की १९३७ चे बंडखोर १९६८ पर्यंत खुर्चीवर बसले होते, आणि पट्ट्यापाशी उभ्या माणसाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हे केवळ अमेरिकेतच घडते असे नाही.

ह्या गोष्टीला जेमतेम दीड वर्ष होते आहे तोच, त्याच कारखान्यातून क्वॉल्सची गाडी बाहेर पडली. मसल कारची एवढी पुस्तके निघाली. तिच्या इंजिनाचा एकेक बोल्ट त्यांत वर्णिलेला असतो. बोल्ट आवळणाऱ्याच्या मनगटाविषयी त्यांत फारसे काही आढळत नाही.

आणि तरीही, आज अशा गाडीची किंमत ठरविताना तज्ज्ञ लोक ज्या खुणा शोधतात, त्या बव्हंशी ह्या मनगटांनीच ठेविलेल्या आहेत. हे मला फार नवलाचे वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. मागणी आली, की कारखान्यात यंत्रावर एक कागद छापला जाई. त्यावर संकेतांनी लिहिलेले असे: इंजिन अमके, रंग तमका, काच अशी, पट्टा तसा. गाडी पट्ट्यावरून पुढे सरके तसा कामगार हा कागद वाचून भाग बसवी. काम झाले की कागदाचे मोल संपले. मग कोणी तो बैठकीच्या स्प्रिंगांत खोचून देई, कोणी गालिच्याखाली सारी, कोणी पेट्रोलच्या टाकीवर ठेवून देई. ती रद्दी होती. पन्नास वर्षांनी गाडी विकणारा माणूस बैठक उसवून हाच कागद शोधतो. तो मिळाला, तर गाडी अस्सल. इंजिनावरचा ठसा आणि गाडीचा क्रमांक जुळला, तर आणखी अस्सल. तपासनिसाने खडूने केलेली फुली, आसावर ओढलेला रंगाचा पट्टा, ह्यांचे फोटो काढले जातात. जे लोक जुनी गाडी पुन्हा नवी करतात ते ह्या फुल्या मुद्दाम पुन्हा काढवितात! पाळी संपण्याच्या घाईत मारलेली फुली आता पैसे देऊन नक्कल करावी अशी वस्तू झाली आहे. डॉज मेन कारखाना मात्र १९८० च्या जानेवारीत बंद पडला. पुढे दुसऱ्या एका मोटार कंपनीसाठी त्या जागेबरोबर शेजारची पोलिश वस्तीही उठविण्यात आली. हजाराहून अधिक घरे गेली.

आता आपल्याकडे वळतो. अशी गाडी, म्हणजे मसल कार आणि तीही पहिल्या मालकाची, महाराष्ट्रात का सापडत नाही? ह्याचे उत्तर मुंबईत आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून अमेरिकेहून खोक्यांत आलेले सुटे भाग जुळवून गाड्या बनविण्यास आरंभ केला होता. फोर्डचेही तसेच काम मुंबईत होते. दुसऱ्या बाजूस, गाडी येथेच करावी, अशी योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३६ च्या सुमारास मांडली, आणि तिचा पाठपुरावा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी. फोर्डशी बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी क्रायस्लरशी करार केला. इंग्रज सरकारने युद्धाच्या धामधुमीत ह्या कारखान्याला हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या पाच महिने अगोदर, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली. ती डॉजच होती. पुढे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ह्या नावांच्या गाड्या कुर्ल्याला जुळविल्या जात. काळ्या भुताची ही चुलत भावंडे म्हणावयास हरकत नाही.

१९५३ साली सरकारने ठरविले की ज्यांना येथे खरोखर भाग बनवावयाचे असतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गुंडाळून गेल्या. बाहेरून गाड्या आणणे जवळजवळ थांबले. त्यानंतर अमेरिकन गाडी आपल्याकडे येई ती बहुधा वकिलातीतील अधिकाऱ्यांबरोबर. साहेब बदलून गेला की ती सरकारी राज्य व्यापार महामंडळामार्फत विकली जाई. म्हणजे तिचा पहिला मालक परदेशी वकील आणि दुसरा एखादा नट किंवा कारखानदार. कुर्ल्याने फियाटवर लक्ष केंद्रित केले, आणि तिची वाट पाहण्यात लोकांची वर्षे जाऊ लागली. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नव्या गाड्यांच्या वाटपावर बंधने आली, आणि वाट्यास आलेली गाडी परवानगीवाचून दोन वर्षे विकता येईना; कारण विकली तर नवीपेक्षा जास्त दाम येई. अमेरिकेत जुन्या गाडीला पन्नास वर्षांनी जो भाव आला, तो आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी येत असे. फरक एवढाच की आपण तो काळ्या बाजारात मोजीत होतो.

कुर्ल्याच्या कामगारांविषयी एकच सांगतो. आम्हां संघटनेच्या लोकांना औद्योगिक कायद्याचा पहिला धडा ज्या खटल्यातून शिकवितात, तो १९७५ सालचा प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलाकर वाडके हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा तेथलाच. मोटार-उत्पादन खात्यातील कामगारांच्या उत्पादन-प्रोत्साहन रकमेवरून निघालेला तो तंटा होता. किती मोटारी झाल्यावर किती पैसे, एवढाच प्रश्न होता. पण त्यातून कामगाराने कोणत्या दारी दाद मागावी ह्याचा नियम बनला. फियाटची पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. इंडियानापोलिसच्या लिलावाला तेव्हा पाच महिने झाले होते.

जुन्या गाडीसाठी आता आपल्याकडेही कायदा आहे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूप राखलेली खाजगी गाडी वारशाची म्हणून नोंदविता येते; तिच्या क्रमांकात व्ही. ए. ही अक्षरे असतात. नवी नोंदणी २० हजार रुपये, फेरनोंदणी ५ हजार. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. विकता येते, मात्र ९० दिवसांच्या आत कळवावे लागते. मूळ रूप म्हणजे काय, ह्याविषयी नियमांत पत्रा आणि इंजिन आहे. वह्यांविषयी काही नाही.

वह्यांची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेविली होती.

आपल्या गोंदियात एका विडी व्यापाऱ्याने १९५६ च्या प्रारंभी कुर्ल्याला जुळविलेली एक डॉज किंग्जवे घेतली. मालकांचे आणि पेढीचे नाव मी घेणार नाही. आपल्यापैकी काहींना ते ठाऊक असेल, त्यांनीही घेऊ नये. सहा सिलिंडरांची, फिकट हिरवी, दारे आपटली की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज करणारी गाडी. तिची नोंदणी झाली तेव्हा गोंदिया हे मध्य प्रदेश राज्यातील भंडारा जिल्ह्याचे गाव होते. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि १ मे १९९९ ला आपला स्वतंत्र जिल्हा झाला. गाडी जागची हलली नाही, मालक बदलला नाही; पण तिच्या कराच्या पावत्यांवर तीन राज्यांचे शिक्के होते. मी त्या पाहिल्या आहेत.

१९५९ साली त्या गाडीवर एक तरुण ड्रायव्हर लागला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. काका चौथीपर्यंत शिकलेले. पण पहिल्या दिवसापासून त्यांनी वही ठेवली: तारीख, किती मैल, किती पेट्रोल, कोठे, कशाला. आधी गॅलन, मग लिटर. आधी मैल, मग शेजारी कंसात किलोमीटर. शनिवारी तिरोडा आणि आमगावच्या सट्टेदारांकडे रोकड पोचविणे. उन्हाळ्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील तेंदूपानाच्या फडांवर मुनिमाला नेणे. बालाघाट. नागपूरचे कोर्ट. निवडणूक. एके ठिकाणी नुसते "बाळंतीण, सरकारी दवाखाना, रात्री २" आणि पेट्रोलच्या रकान्यात काही नाही. ते पेट्रोल कोणाचे होते कोण जाणे. ह्या जिल्ह्यातील विडी धंद्याचा इतिहास कोणास लिहावयाचा असेल तर त्या अकरा वह्यांइतके चांगले साधन मला ठाऊक नाही. कोणता सट्टेदार कोणत्या गावी किती वर्षे होता, विडी कोणत्या वस्तीत वळली जाई, हे त्यांत आपसूक आले आहे.

१९७३ चे तेलाचे संकट त्या वहीतही आहे. अरब राष्ट्रांचा उल्लेख अर्थातच नाही. पेट्रोलच्या दराखाली दोनदा रेघ ओढलेली आहे, आणि १९७४ च्या उन्हाळ्यात लिहिले आहे, "डॉज बंद. फियाट आली." काका फियाट चालवू लागले. डॉज राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये गेली. मात्र दर दसऱ्याला ते तिला धूत, हार घालीत, बॅटरी जोडून सुरू करीत आणि वहीत एक ओळ लिहीत, "दसरा. स्टार्ट केली. चालू." अशा ओळी १९९३ पर्यंत आहेत. त्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि काकांना घरी बसविले. शेवटचा पगार दरमहा १०४० रुपये. ग्रॅच्युइटी मिळाली नाही. घरचा माणूस होता, मस्टरवर नाव नव्हते, असे सांगण्यात आले.

२००६ च्या हिवाळ्यात मूळ मालकांच्या वारसांनी डॉज विकावयास काढली. बाहेरगावाहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. त्याने पाहिली आणि दीड लाख सांगितले. मग शेडमध्ये कोणी तरी म्हणाले, हिच्या वह्या ड्रायव्हरकडे आहेत. तो गृहस्थ काकांच्या घरी गेला, ट्रंकेतील वह्या पाहिल्या, आणि वारसांना म्हणाला की मूळचे कागद, कराच्या पावत्या आणि ह्या वह्या मिळून अडीच लाख देतो. पहिल्या मालकाची गाडी पुष्कळांजवळ असते, पण तिचा दिवस न् दिवस लिहिलेला कोणाजवळ नसतो, असे तो म्हणाला. मला तो माणूस आवडला. शौकिनांची मी थट्टा केली असेन, पण ह्याने ती वही हातात घेतली ती हात पुसून.

दुसऱ्या दिवशी काकांचा मुलगा मला बोलवावयास आला.

मी वह्या वाचल्या आणि माझ्या ध्यानात आले की जो कागद गाडीचा भाव वाढवितो, तोच काकांची नोकरी सिद्ध करतो. पेढीची रोकड, पेढीचे फड, पेढीचे कोर्ट; ह्यात घरचे काम किती? पेढीवर दहाहून कितीतरी अधिक माणसे होती, म्हणजे १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. मी तेथेच हिशेब केला. १०४० ला २६ ने भागले की रोज ४०. पंधरा दिवसांचे ६००. चौतीस वर्षांचे २० हजार ४००. तेरा वर्षांचे १० टक्क्यांनी सरळ व्याज २६ हजार ५२०. एकूण ४६ हजार ९२०. वह्यांनी वाढणाऱ्या एका लाखाच्या निम्म्याहून कमी. मी काकांना म्हणालो, "पैसे हातात पडेपर्यंत वह्या सोडू नका." डावपेच म्हणून तो बरोबर होता, आजही मी तोच सल्ला देईन.

काका म्हणाले, "भाऊ, वही गाडीची आहे. गाडी चालली त वहीबी गेली पाहिजे." आणि त्यांनी त्याच संध्याकाळी अकराही वह्या फडक्यात बांधून शेडमध्ये नेऊन दिल्या. मी घरी येऊन जेवलो नाही, एवढा रागावलो होतो. माझा सारा खटला त्या फडक्यात गेला होता.

वारस वाईट लोक नव्हते. थोरल्यांनी मला बोलाविले, चहा दिला, आणि म्हणाले की काका घरचे आहेत, घरच्या माणसाने हिशेब मागू नये. पण आम्ही त्यांना रिकामे सोडणार नाही. व्याजाचे नाव काढावयाचे नाही ह्या अटीवर ते २० हजार ४०० रुपयांना तयार झाले. मी लेबर ऑफिसात अर्ज करू म्हणत होतो. उशीर माफ करून घेण्याची तरतूद होती, वह्यांची झेरॉक्सही शौकिनाने दिली असती. काकांनी नको म्हटले. त्यांना ऐंशी गाठावयास दोन-तीन वर्षे उरली होती आणि आमच्या तारखा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. मला नागपूरच्या कोर्टात फियाटने त्यांनीच कैकदा पाहिले होते, विरुद्ध बाजूच्या वकिलाला घेऊन आले असताना!

पैशाच्या दिवशी दिवाणजींनी व्हाउचर पुढे केले. रक्कम बरोबर होती. कशाबद्दल, ह्या रकान्यात लिहिले होते, "जुन्या अकरा वह्यांची किंमत." मला त्यातला अर्थ लगेच कळला, नोकरी कबूल करावयाची नव्हती. मी बोलण्याच्या आत काकांनी आपल्या मुलाला ती ओळ मोठ्याने वाचावयास सांगितली. डोळ्यांचे ऑपरेशन होऊनही त्यांना बारीक अक्षर लागत नसे. मग ते दिवाणजींना म्हणाले, "मी वही नाही विकली. मी गाडी चालवली. तसंच लिहा."

दिवाणजींनी थोरल्यांकडे पाहिले. थोरले बराच वेळ खिडकीतून शेडकडे पाहत होते. तेथे डॉज दोरांनी बांधून ट्रकवर चढविणे चालू होते. नंतर त्यांनी मान हलविली. दिवाणजींनी ती ओळ खोडली आणि वर लिहिले, "ड्रायव्हरची नोकरी, सन १९५९ ते १९९३." खाडाखोडीपाशी दोघांच्या सह्या झाल्या. काकांनी सही करावयास फार वेळ लावला, कारण खाली कार्बन नीट आहे की नाही हे ते आधी पाहत होते. त्या व्हाउचरची निळी प्रत आमच्या कचेरीतील फायलीत आहे.